सारस, रानपिंगळा आणि वन्यजीव अभ्यासाची सुरुवात

गोंदियाकडची पोरं बी.एस्सी. झाली की विचारतात, वन्यजीव अभ्यासात यायचं तर सुरुवात कुठून करू? माझं सांगणं एकच: प्राण्याचं नाव शिकलात की त्याचं आढळक्षेत्र कुठे संपतं तेही शिका. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याचे नकाशे फुकट पाहायला मिळतात.

दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ (म्हणजे एकाच प्रदेशात आढळणारा) यांत नवखे हमखास गल्लत करतात. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ पूर्व विदर्भातच, म्हणून तो फक्त आपलाच वाटतो. पण तो नेपाळमध्ये आहे, म्यानमार-कंबोडियात आहे, थेट ऑस्ट्रेलियातही आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचं उलट. मेळघाटच्या सागवानात तो भर दिवसा दिसू शकतो, पण भारताबाहेर जगात कुठेच नाही.

सारस धानाच्या बांधीत, पाण्यातच घरटं रचतो. अंडी बहुधा दोन, उबवायला महिनाभर लागतो. रोवणीच्या धांदलीत शेतकऱ्याने तेवढा तुकडा सोडला तरच पिल्लू निघतं, म्हणून दुर्बिणीआधी धुऱ्यावरच्या माणसाशी ओळख करा. मोजणीच्या पहाटे मी नदीकाठी उभा राहिलोय. पलीकडे बालाघाट, मध्य प्रदेश. पक्षी या काठावरून उडाला की पाच मिनिटांत दुसऱ्या राज्यात. दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं नाही तर तेच जोडपं दोनदा नोंदलं जातं.

रानपिंगळ्याची गोष्ट तर प्रत्येक नवख्याने ऐकावीच. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. मायनरट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळाल्याचं सांगितलं होतं. तो नमुना संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला. तेव्हा वहीत गाव, तारीख, वेळ त्याच जागी लिहा. साध्या पिंगळ्याशीही घोळ होतो: रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात, छाती गडद तपकिरी असते.

एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) बघा. जागा मोजक्या आहेत. अर्जाआधी एखाद्या प्रकल्पात सहायक म्हणून पूर्ण पावसाळा काढा. सारसाची घरटी तेव्हाच असतात.