शनिवारी संध्याकाळी लायपो चार्जिंगला लावण्याआधी

रविवारी सकाळी आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी घेऊन बाहेर पडायचं असेल तर चार्जिंगची तयारी शनिवारी संध्याकाळीच करावी, आणि सुरुवात लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या लेबलपासून करावी. लेबलवर ठळक अक्षरांत ४५सी, ७०सी असं छापलेलं असतं. सी म्हणजे बॅटरीच्या क्षमतेची पट. तो आकडा बॅटरीतून किती करंट ओढता येईल त्याचा आहे, चार्जिंगचा नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नवीन मुलं हाच आकडा बघून ‘ही पटकन चार्ज होणार’ असं म्हणत बॅटरी पिशवीत टाकतात, तेव्हा मला खरंच काळजी वाटते. चार्जिंगची मर्यादा बहुतेक वेळा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते. ती सापडली नाही, किंवा लेबल पुसलं गेलं असेल, तर १सी धरा आणि त्यापुढे जाऊ नका.

१सी काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. लेबलवरच्या एमएएचच्या (क्षमतेच्या) आकड्याला हजाराने भागा, आले अँपिअर. २२०० ची बॅटरी असेल तर २.२ अँपिअर, १३०० ची असेल तर १.३, ५००० ची असेल तर ५. हे आकडे मार्करने बॅटरीवरच लिहून ठेवा, कारण घरात तीन मापांच्या बॅटऱ्या असल्या की चार्जरवर आदल्या बॅटरीचं सेटिंग तसंच राहतं, आणि ५ अँपिअरवर १३०० ची बॅटरी लागते. म्हणजे जवळजवळ ४सी.

लेबल ५सी म्हणत असलं तरी मी १सीच लावते. जास्त करंट लावला तर वेळ वाचतो, पण हिशेबाने वाटतो तेवढा नाही. चार्जर आधी ठरलेला करंट देतो, बॅटरीतला प्रत्येक सेल ४.२० व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू कमी करत नेतो. जास्त करंट दिला की ४.२० लवकर येतं आणि हा शेवटचा संथ टप्पा लवकर सुरू होतो, त्यामुळे ३सी लावल्याने वेळ तिसऱ्या हिश्शावर येत नाही. सेल मात्र जास्त तापतात आणि लवकर म्हातारे होतात.

मग चार्जर बघा. त्याच्या अँपिअरइतकीच त्याची वॅटची मर्यादा महत्त्वाची. ३एस, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या तीन सेलच्या, २२०० ला शेवटी १२.६ गुणिले २.२, म्हणजे साधारण २८ वॅट लागतात, ५० वॅटचा चार्जर ते सहज देतो. ६एस ५००० ला मात्र १२६ वॅट हवेत. तिथे तोच चार्जर जेमतेम २ अँपिअर देईल आणि चार्जिंग रेंगाळेल. त्यात धोका काही नाही, फक्त वेळ धरून ठेवा. धोका चार्जरला वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरचा आहे. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर ६० वॅटचाच असतो, आणि त्यावर ८० वॅटचा चार्जर पूर्ण जोराने चालवला तर अडॅप्टर भाजून निघतो.

आता बॅटरी हातात घ्या आणि सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहा. पोट फुगलेलं असेल, कोपरा चेपलेला असेल, गोडसर वास येत असेल, तर करंट ठरवायचा प्रश्नच उरत नाही, ती लावायचीच नाही. चार्जर इंटर्नल रेझिस्टन्स (सेलचा आतला विरोध) दाखवत असेल तर सगळ्या सेलचे आकडे ताडून पाहा. एका सेलचा आकडा भावंडांच्या दुप्पट असेल तर त्या बॅटरीला अर्धा सी द्या आणि नवी आणायच्या तयारीला लागा. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला असेल आणि चार्जर लायपो मोडमध्ये नकार देत असेल, तर त्याला निकेल मोडमध्ये (दुसऱ्या जातीच्या बॅटरीच्या सेटिंगवर) फसवून चार्ज करण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. चार्जर नकार देतोय तो बरोबरच आहे.

दिवसभर मोठ्या गाडीच्या डिकीत राहिलेली किंवा आरसी गाडीत नुकतीच वापरलेली बॅटरी लगेच लावू नका. मे महिन्यात तर नाहीच. हाताला कोमट लागायची थांबली की मगच.

जागा निवडताना मुंबईच्या घरात अडचण होतेच. ओट्याचा कडप्पा जळत नाही, पण शेजारी शेगडी आणि गॅसची नळी असते. दाराजवळच्या पॅसेजमध्ये लावाल तर पेटल्यावर बाहेर पडायची एकमेव वाट बंद होते. खिडकीजवळची मोकळी लादी चांगली. पडदा वर बांधून घ्या, बॅटरी मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवा, शेजारी कोरड्या वाळूची बादली असू द्या. धूर आलाच तर जवळ वाकून बघू नका, तो विषारी असतो. बटण हाताशी असेल तर बंद करा, घरातल्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ लावा.

जोडताना क्रम पाळा: आधी वायरीचे बनाना प्लग चार्जरमध्ये, मग दुसऱ्या टोकाला बॅटरी. उलटं केलं तर उघडे दोन बनाना प्लग एकमेकांना टेकतात आणि बॅटरी थेट शॉर्ट होते. त्यानंतर पांढरा बॅलन्स प्लग, जो प्रत्येक सेलचं व्होल्टेज चार्जरला वेगळं दाखवतो. त्याच्या वायरी मोजा: सेलपेक्षा एक जास्त हवी, ३एसला चार. चार्जरवर तीन सेल दिसतात का, मोड लायपोचाच आहे का, हे वाचा. चुकून एलआयएचव्ही (जास्त व्होल्टेजच्या लायपोचा मोड) निवडलं गेलं तर प्रत्येक सेल ४.३५ व्होल्टपर्यंत चढवला जाईल, आणि साध्या लायपोला ते झेपत नाही. चार्जिंग कायम सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स मोडमध्ये करा. सेटिंगमध्ये कपॅसिटी कट-ऑफ असतो, तो बॅटरीच्या एमएएचपेक्षा थोडा वर ठेवा. २२०० च्या बॅटरीत २५०० शिरायला लागले तर काहीतरी बिघडलंय, चार्जरने थांबायलाच हवं.

त्यानंतर त्याच खोलीत बसा. जेवायला शेजारी जाऊ नका, झोपायच्या वेळी लावू नका. म्हणूनच हे काम संध्याकाळी सातच्या सुमाराला काढावं, म्हणजे दोन बॅटऱ्या एकामागून एक झाल्या तरी दहाच्या आत आटपतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट धरून चाला. रविवारी सकाळी धो धो कोसळायला लागतो आणि बेत रद्द होतो. भरलेल्या बॅटऱ्या पुढच्या रविवारपर्यंत तशाच ठेवू नका, पूर्ण भरलेल्या स्थितीत सेल झपाट्याने खराब होतात. त्याच दिवशी चार्जरच्या स्टोरेज मोडवर लावून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणा. छोटा चार्जर डिस्चार्जला फार वेळ घेतो, तेव्हा दुपारीच लावा, आणि याही वेळी खोली सोडू नका.