इसब असेल तर ताटात काय बदलावं: कडधान्यं, जवस आणि बांगडा

आधी खात्री करा की आहे ते इसबच आहे. मुंबईच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, जांघेत नि काखेत सुटणारी खाज बरेचदा नायट्याची असते. केमिस्टकडून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं की चट्टा चार दिवस दबतो, मग दुप्पट पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांनी इसबच सांगितलं, तर त्यांचं मलम आणि आंघोळीनंतर लगेच लावायचं मॉइश्चरायझर चालू ठेवा. आहार जोडीला असतो, औषधाच्या जागी नाही.

जिवाणूंना चोथा द्या. कडधान्यं, ज्वारी, नाचणी, भाज्या यांतला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं स्निग्धाम्ल तयार होतं. त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं आणि इसबात नको तितक्या भडकणाऱ्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना बळ मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्राम चोथा हवा. एकदम वाढवलात तर पोट फुगेल. पहिल्या आठवड्यात पावाऐवजी भाकरी, दुसऱ्यात वाटीभर मटकीची उसळ, असं जा. प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, गोळ्यांवर पैसे घालू नका. इसबाच्या त्रासात त्यांनी फारसा फरक पडत नाही, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं.

तेल बंद नको, वाटणी बदला. सूर्यफूल आणि सोयाबीन तेलात ओमेगा-6 प्रकारची स्निग्धाम्लं भरपूर असतात. त्यांपासून शरीरात दाह वाढवणारी द्रव्यं बनू शकतात, पण त्वचेचा ओलावा धरणारी सेरामाइडंही त्यांतल्याच लिनोलिक आम्लावर उभी असतात. म्हणून तेल तोडू नका. तळण कमी करा, तळलेलं तेल पुन्हा वापरू नका आणि ओमेगा-3 वाढवा.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर कुटा. अख्खं खाल्लं तर न पचताच बाहेर पडतं. रोज एक टेबलस्पून पुरे. पूड हवेने खवट होते; आठवड्यापुरतीच करून फ्रिजमध्ये ठेवा.

जवसातलं ओमेगा-3 शरीराला वापरण्याजोग्या रूपात थोडंच बदलतं, म्हणून मासळी खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी. इथे मात्र फार जपा. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन साठतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगभर खाज सुटते आणि माणूस मासळीच्या अ‍ॅलर्जीचा ठपका घेऊन बसतो. कल्ले लाल, डोळे फुगीर, अंग घट्ट, असाच बांगडा बर्फातून उचला आणि घरी येताच फ्रिजमध्ये टाका. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा जवसावर भागवा. मासळीची अ‍ॅलर्जी निदान झालेली असेल, तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

एका वेळी एकच बदल करा. रात्रीच्या खाजेला 0 ते 10 असे गुण देऊन वहीत लिहा आणि सहा ते आठ आठवडे पाहा.

लेकराचं दूध, अंडी, शेंगदाणे स्वतःच्या मनाने तोडू नका. वाढ खुंटते, शिवाय बरेच दिवस बंद ठेवलेला पदार्थ पुन्हा दिल्यावर कधी कधी खरीखुरी तीव्र अ‍ॅलर्जी उठते. काही खाल्ल्यावर ओठ सुजले, आवाज बसला किंवा धाप लागली, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.