दोरी आणि मातीतून डीएनएची गुंडाळी: प्रमाणात मॉडेल कसं करायचं

विज्ञान प्रदर्शनात गुणसूत्राचं मॉडेल म्हटलं की थर्माकोलचा लठ्ठ ‘एक्स’ ठरलेला. माझ्या वर्गात मी तो करू देत नाही. तो आकार पेशी विभाजनाला लागते तेव्हाच दिसतो, एरवी नाही. आपण एरवीचा डीएनए करू: गुंडाळलेला, तरीही वाचता येणारा.

आधी प्रमाण ठरवा. 1 नॅनोमीटरला 1 मिलिमीटर. डीएनएची जाडी 2 नॅनोमीटर, म्हणून दोरी 2 मिलिमीटर जाडीची. एका बेसजोडीला, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या एका पायरीला, 0.34 मिलिमीटर लांबी. माणसाच्या एका पेशीत साधारण 2 मीटर डीएनए असतो. या हिशेबाने त्याची दोरी भरते 2,000 किलोमीटर, आणि ती ज्यात मावायची ते केंद्रक जेमतेम 6 ते 10 मीटर, म्हणजे एका वर्गखोलीएवढं. हे गणित मुलांनाच फळ्यावर करू द्या. शून्यांचा घोळ होतो, होऊ दे.

आपल्याला एक मीटर दोरी पुरते. तिच्यात सुमारे 2,900 बेसजोड्या येतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक साधारण 1,600 बेसजोड्यांचं, म्हणजे 54 सेंटीमीटर. तेवढा तुकडा स्केचपेनने रंगवून ठेवा, पुढे लागेल.

दोरी निवडताना पीळ बघा. ती उभी धरली की समोरचे पेड डावीकडून उजवीकडे वर चढत गेले पाहिजेत. डीएनएचा पीळ उजवा असतो. उलट्या पिळाची दोरी मिळाली तर सरळ परत करा.

आता चकत्या. सुकल्यावर घट्ट होणाऱ्या मातीच्या, 7 मिलिमीटर व्यासाच्या आणि साडेपाच मिलिमीटर उंचीच्या, चौदा-पंधरा करा. प्रत्येक चकती म्हणजे आठ हिस्टोन प्रथिनांचा गठ्ठा: एच2ए, एच2बी, एच3 आणि एच4, प्रत्येकी दोन. मधल्या थरात एच3-एच4चा रंग, वर-खाली एच2ए-एच2बीचा. एवढ्या छोट्या चकतीत आठ वेगळे गोळे करायच्या फंदात पडू नका.

आणि चकतीला भोक पाडू नका! पुस्तकं ‘मण्यांची माळ’ म्हणतात आणि मुलं लगेच सुई-दोरा घेऊन ओवायला बसतात. दोरा मण्याच्या आतून जातच नाही, बाहेरून गुंडाळला जातो. सगळी गंमत त्यातच आहे. आतून गेला असता तर लांबी कमी कशी झाली असती?

चकतीच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि दोरीचे पावणेदोनला थोडे कमी, नेमकं सांगायचं तर 1.65 वेढे द्या. साधारण 5 सेंटीमीटर दोरी लागते. तेवढ्या दोरीत 147 बेसजोड्या येतात. वेढ्याची दिशा मात्र डावी. चकती टेबलावर आडवी ठेवून समोरून पाहिलं की वेढे डावीकडून उजवीकडे खाली उतरताना दिसले पाहिजेत. दोरीचा पीळ एकीकडे, वेढा दुसरीकडे. इथे जवळपास सगळेच गडबडतात, म्हणून पहिली चकती तुम्ही स्वतः तपासा. मग 17-18 मिलिमीटर दोरी मोकळी सोडून पुढची चकती. दोरीचे वेढे बसलेली अशी एक चकती म्हणजे न्यूक्लिओसोम. 1974 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ रॉजर कोर्नबर्ग यांनी या रचनेची कल्पना मांडली आणि 1997 मध्ये तिचं अणूंच्या पातळीवरचं चित्र हाती आलं.

टेपच का, फेव्हिकॉल का नाही? कारण खरी पकडही सुटणारी आहे. डीएनएच्या कण्यावरच्या फॉस्फेटवर ऋण भार, हिस्टोनमधल्या लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांवर धन भार, त्यामुळे दोघं चिकटतात. लायसिनवर ॲसिटिल गट हा छोटा रासायनिक गट बसला की तिथला धन भार जातो आणि पकड सैल होते. रंगवलेल्या जनुकाच्या सुरुवातीजवळच्या एक-दोन चकत्यांच्या टेपवर ॲसिटिल गट म्हणून कागदाचा कपटा लावून बघा. दोरी तिथे हलकेच सरकते, सुटते. पेशीत हेच काम करायला ऊर्जा खर्चून न्यूक्लिओसोम सरकवणारी प्रथिनंही असतात.

यानंतर पुस्तकात 30 नॅनोमीटरची सुबक सर्पिल नळी असते. ती वगळा. 2017 मध्ये माणसाच्या पेशींचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्रिमितीय चित्रण झालं तेव्हा केंद्रकात 5 ते 24 नॅनोमीटर जाडीचे, वेडेवाकडे वळणारे धागे दिसले. तुमची चकत्यांची दोरी टेबलावर कशीही पडू द्या, ती त्या नळीपेक्षा जास्त खरी आहे.

पेशीत डीएनएची लांबलांब वेटोळी, म्हणजे फासेही पडतात. ते दाखवायचे तर प्रमाण सोडावं लागेल, आणि ते शेजारी पाटीवर लिहा. दोन लाख बेसजोड्यांच्या फाशाला 68 मीटर दोरी लागेल, ती कोण आणणार! वेगळी साधी दोरी घ्या, तिच्यावर दोन चिमटे लावा आणि चिमट्यांवर एकमेकांकडे तोंड केलेले बाण काढा. हे सीटीसीएफ, डीएनएवर ठरावीक जागी बसणारं प्रथिन. मधल्या भागातून दोरीची छोटी घडी किचेनच्या कडीत घाला आणि ओढत राहा. कडी म्हणजे कोहेसिन, डीएनएचा फासा ओढणारं कडीसारखं प्रथिन. चिमट्यांशी अडेपर्यंत फासा वाढत जातो. बाणांची तोंडं उलटी केली तर खरं कोहेसिन तिथे सहसा थांबत नाही.

उरली खोली, म्हणजे आपलं केंद्रक. प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात आपापला भाग धरून असतं, सगळ्यांचा एकच गुंता होत नाही. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढा. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींत जनुकांनी भरलेलं 19 क्रमांकाचं गुणसूत्र मध्याकडे आणि जनुकं कमी असलेलं 18 क्रमांकाचं कडेला आढळतं. त्या दोघांच्या जागा आधी आखा, बाकीची मुलांना भोवती मांडू द्या. प्रत्येकाची जोडी असते हे विसरू नका: एकूण 46 गुणसूत्रं.