लसीला 'नको' म्हणणाऱ्या घरी काय बोलावं

दारात उभं राहून 'लस का घेत नाही?' विचारलं, की माणूस सुचेल ते कारण पुढे करतो आणि मग त्यालाच धरून बसतो. 'लसीबद्दल काय काय कानावर आलंय?' असं विचारा आणि बोलणं पुरं होऊ द्या. कोविडच्या काळात भीतीचं म्हणून सांगितलेलं कारण खोदलं की बऱ्याचदा बुडणारी दिवसाची मजुरी निघायची. त्या घरी अँटिबॉडीवर भाषण देऊन उपयोग नाही. लसीकरणाचं संध्याकाळचं सत्र किंवा सुट्टीचा आदला दिवस गाठून द्या.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे 'काही होत नाही'. कोविशील्डनंतर ताप, कणकण, दंड दुखणं अनेकांना होत होतं. आधी सांगितलेलं नसलं, की एकाला ताप भरला तरी सगळी आळी दार लावून घेते. म्हणून आधीच सांगा. कोविशील्डच्या वेळी सांगायचं होतं ते असं: त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो, टोचल्यावर 30 मिनिटं केंद्रावरच बसायचं, तापावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यायची. पुढच्या 20 दिवसांत धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, न थांबणारी डोकेदुखी झाली तर लगेच दवाखाना गाठायचा. रक्तात गुठळी होण्याचा धोका फार विरळा होता, पण होता. तोही लपवू नका.

नियम बदलले की संशय वाढतो. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर जानेवारी 2021मध्ये 4 ते 6 आठवडे होतं, मार्चमध्ये 8 आठवड्यांपर्यंत वाढलं, मेमध्ये 12 ते 16. लोक म्हणाले, लस संपली म्हणून तारखा ढकलतायत. तुटवडा होताच, तो कबूल करा. मग सांगा, की अंतर वाढवल्यावर संरक्षण चांगलं मिळतं असं अभ्यासांत दिसलं होतं.

पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नये, हा मेसेज एप्रिल 2021मध्ये फोनाफोनी फिरला. तो खोटा होता, पण सुनेला सासूसमोर त्यावर विचारताच येत नाही. आशाताईंनी तिच्याशी वेगळं बोलावं. निर्णय सासऱ्यांचा असेल, तर त्यांच्याच वयाचा, लस घेतलेला शेजारी सोबत न्यावा.

रेशन बंद करण्याची धमकी देऊ नका. लोक घराला कुलूप लावून शेतात जातात. नकार मिळाला तर वहीत घर, खरं कारण आणि पुढच्या भेटीचा वार लिहा. त्या वारी जाच.