कॉलेजात पर्यावरणाचं काम करताय? या चुका टाळा

जुलैमध्ये निसर्ग मंडळ, एनएसएस किंवा चारदोन मित्रांचा ग्रुप जोमाने कामाला लागतो आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळं थंडावतं. मग खापर फुटतं ते 'पोरांना कशाचं काही पडलेलंच नाही' यावर. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा दोन गोष्टी विचारायच्या राहून गेलेल्या असतात: कॅम्पसवर हे काम रोज कोणाच्या हातून होतं, आणि त्याचा निर्णय कोणाच्या सहीने होतो.

रंगीत डबे आले, सफाईच्या मावशींना विचारलंच नाही

हिरवा डबा, निळा डबा, प्राचार्यांच्या हस्ते उद्घाटन, फोटो. आठवड्याभरात तक्रार सुरू होते, "मावशी सगळं एकत्रच करतात." करणारच! त्यांच्याकडे ढकलगाडी एक, तिच्यावर पिंप एक, आणि घंटागाडी यायच्या आत तीन मजले उरकायचे. त्यातून 'ओला'च्या डब्यात समोशाच्या कागदाखाली तुम्हीच टाकलेली पाण्याची बाटली असते.

म्हणून डबे घेण्याआधी एक सकाळ त्यांच्याबरोबर फिरा. कुठल्या मजल्यावर काय निघतं? लेडीज रूममधले पॅड कशात गुंडाळलेले असतात? हातमोजे कोण देतं, फाटले तर पुढचे कधी मिळतात? आणि पुठ्ठा-बाटल्या विकून आलेले पैसे कोणाला मिळतात? हा शेवटचा प्रश्न हमखास राहतो. बऱ्याच ठिकाणी ती सफाई कामगारांची वरकमाई असते, आणि तुमचा रिसायकलिंग ड्राइव्ह नेमका तोच माल उचलून एखाद्या कंपनीला देऊन टाकतो.

पुण्यात कचरा आणि तो उचलणाऱ्यांची रोजी यांचं नातं फार आधी ओळखलं गेलं. 1993 मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कामातून आली. पुढे 2008 मध्ये त्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी पुणे महापालिकेशी करार केला. ओला-सुका वेगळा करण्यामागे तिथे वेचक बायकांच्या पोटाचा आणि मानाचा प्रश्न होता. पर्यावरण एका मंडळाकडे आणि सामाजिक न्याय दुसऱ्याकडे, अशी वाटणी करणाऱ्यांनी हे बघावं.

कामगाराचा व्हिडिओ काढू नका

कॅम्पसवरचे सफाई कामगार, माळी, वॉचमन बहुधा कंत्राटदाराचे असतात. अनेकदा किमान वेतन मिळत नाही, पीएफ कापला जातो पण भरला जातो की नाही कळत नाही. विषय खराच आहे. पण मावशींना बोलतं करून रात्री रील टाकली, तर सकाळी मुकादम "उद्यापासून येऊ नका" हे त्यांनाच सांगतो, तुम्हाला नाही. चेहरा, नाव, आवाज काहीही बाहेर जाऊ देऊ नका. त्याऐवजी कंत्राटाची प्रत, हजेरीपट आणि पीएफची चलनं मागा. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे इथे संस्थेवर येते. हा मुद्दा कागदावर मांडता येतो. तो कधी काढायचा हे मात्र कामगारांना ठरवू द्या. त्यांची युनियन असेल तर आधी तिथे जा.

हाच विचार सह्यांच्या बाबतीत करा. निवेदनावर पहिलं नाव शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, हॉस्टेलला राहणाऱ्या मुलीचं नको. ज्यांना दबाव झेलणं त्यातल्या त्यात सोपं आहे, त्यांनी पुढे उभं राहावं.

निवेदन दिलं, पोच घेतली नाही

प्राचार्यांच्या हातात निवेदन देऊन फोटो काढला म्हणजे निवेदन पोहोचलं असं नसतं. दोन प्रती न्या. दुसरीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्याशिवाय महिन्याभराने "असं काही आलंच नाही" ऐकायची तयारी ठेवा. मागण्याही चौदा नकोत, दोन पुरेत.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना 'कचरा का उचलत नाही?' असं लिहिलंत, तर 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे' म्हणून बोळवण होते. कागद मागा: करारनामा, बिलं, बैठकीचं इतिवृत्त. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कॉलेज विनाअनुदानित असेल तर थेट अर्ज चालेलच असं नाही. मग विद्यापीठाकडे किंवा महापालिकेकडे असलेले कागद तिथून मागा.

आणि एक सोपी गोष्ट, जी जवळपास कोणीच करत नाही. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या सातव्या निकषासाठी कॉलेजने ग्रीन ऑडिट, कचरा, पाणी, वीज यांबद्दल बरंच काही लिहून दिलेलं असतं. तो अहवाल आयक्यूएसीकडे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे) असतो, अनेकदा कॉलेजच्या वेबसाइटवरही. तो वाचा आणि प्रत्यक्ष जाऊन पाहा. गांडूळखताचा खड्डा कागदावर चालू असतो, जागेवर त्यात गाजरगवत. कॉलेजने स्वतःच लिहून दिलेल्या वाक्यावर बोट ठेवलं की चर्चेचा सूर बदलतो.

झाडं

5 जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, रोप लावू नका. पाऊस आलेला नसतो, तुम्ही सुट्टीवर असता. दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा, आणि रोपाची प्लास्टिकची पिशवी काढून लावा. (हे सांगावं लागतं.) करंज, बहावा, उंबर चालतील. ऑक्टोबर ते मे पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. 'माळीमामा आहेत ना' हे उत्तर नाही.

झाड तोडायची नोटीस बुंध्यावर चिकटवलेली दिसली, तर आधी तिचा फोटो आणि मग त्याच दिवशी वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत, झाडाच्या क्रमांकासह. रील नंतर. मुंबईच्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती. तिथे ऑक्टोबर 2019 मध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री तोड सुरू झाली, 29 जणांना अटक झाली, त्यात विद्यार्थीही होते. सुप्रीम कोर्टाने 7 ऑक्टोबरला तोड थांबवली ती कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. म्हणून रस्त्यावर उतरायचं असेल तेव्हा वकिलाचा नंबर आधीच प्रत्येकाकडे असू द्या, आणि कोण मागे थांबून कागदपत्रं सांभाळणार तेही ठरवा.

टीवायची पोरं गेली, फाइलही गेली

निवेदनाच्या पोचपावत्या, आरटीआयची उत्तरं, मावशींशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी (नावं वगळून) हे सगळं एकाच्या फोनमध्ये असतं आणि तो पुण्याला नोकरीला लागतो. ग्रुपचा एक ईमेल काढा. फेब्रुवारीतच एसवायच्या दोघांना पासवर्ड आणि कागदी फाइल द्या, आणि पुढचं निवेदन त्यांनाच लिहायला लावा.