"सहा महिन्यांनी परमनंट करू" : कॉन्ट्रॅक्ट टू हायरमध्ये या चुका टाळा

कॉन्ट्रॅक्ट टू हायर म्हणजे आधी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या कंत्राटावर काम, नंतर कंपनीत पक्की नोकरी. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठी मी बारा वर्षांपासून भरती पाहतो, आणि एक चूक पोरं दरवर्षी करूनच राहिली: तोंडी शब्दावर नोकरी धरणं. मॅनेजर म्हणतो, "सहा महिने एजन्सीच्या पेरोलवर काढ, मग घेऊच तुला", आणि पोरगा हातातली दुसरी ऑफर सोडून देतो.

असाच एक क्वालिटीतला पोरगा माझ्याकडे प्लास्टिकची फाइल घेऊन आला होता. पंधरा महिने झाले होते, दर तीन महिन्यांनी एक्स्टेन्शनचं पत्र, प्रत्येकावर एजन्सीचा शिक्का. ज्या साहेबांनी शब्द दिला होता त्यांची पाचव्या महिन्यातच बदली झाली, नवीन साहेब म्हणे माझ्याकडे पोस्टच मंजूर नाही. मी सगळे कागद टेबलावर मांडून वाचले, परमनंट हा शब्द कुठेच नव्हता, उलट शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की कंपनीत नोकरीचा कोणताही हक्क राहणार नाही, आणि त्याखाली त्याचीच सही. तो काही बोलला नाही, फाइल बंद केली आणि गेला. मला आजही वाईट वाटतं, कारण पहिल्या दिवशीची एक मेल पुरली असती.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो, बोलणं झालं त्याच संध्याकाळी मॅनेजरला मेल टाका, एजन्सीच्या एचआरला सीसीमध्ये ठेवा: आज ठरल्याप्रमाणे कोणत्या तारखेला रिव्ह्यू, निर्णय कोण घेणार, कामाचं काय पाहणार, घेतलं तर पगार किती. मेलने पोस्ट पक्की होत नाही, पण उत्तर टाळलं की समजून जा, दुसरी ऑफर हातची सोडू नका. फोनवर कराराची पीडीएफ वरखाली करून "ओके सर" पाठवायची घाई मला अजिबात पटत नाही. घरी बसून वाचा, एक दिवस मागा, कामाचा माणूस एका दिवसासाठी कोणी सोडत नाही.

कंपन्यांनाही सांगतो, पोस्टचं बजेट मंजूर नसेल तर "टू हायर" म्हणूच नका, सरळ कॉन्ट्रॅक्ट म्हणा. एजन्सीच्या करारात माणूस आपल्याकडे घ्यायची फी किती आणि किती महिन्यांनंतर ती लागत नाही, हे भरतीआधी वाचा. आणि एजन्सीने पगार थकवला तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि नव्या कामगार संहितेतही आहे.

पीएफ कापला म्हणजे भरला असं समजू नका. पगाराच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत एजन्सीने भरायचा असतो, त्यानंतर उमंग या सरकारी ॲपवर पीएफचं पासबुक उघडा, एन्ट्री नसेल तर त्याच आठवड्यात विचारा, वर्षाने नाही.

पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नंबर मागून घ्या.

कन्सल्टंट म्हणून १० टक्के टीडीएस कापून पैसे देत असतील तर ते पेरोल नाही, पीएफ मिळणार नाही, आधीच विचारा.

आणि पेरोल बदलला की जुना पीएफ काढून टाकू नका, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच देऊन ट्रान्सफर करा, पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर टॅक्सही लागू शकतो.