सभासदांचे दोन दिवसांचे निवासी शिबिर कसे आखावे

शिबिर घ्यायचे ठरले की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो ‘कुठे जायचे’ हा. वास्तविक तो तिसरा प्रश्न आहे. कशासाठी जायचे आणि केव्हा जायचे, ही दोन उत्तरे आधी मिळाली तर ठिकाण बरेचसे आपोआप ठरते. उद्देश एका वाक्यात इतिवृत्तात लिहून ठेवावा. ‘एकोपा वाढवणे’ असे लिहून भागत नाही, कारण ते कोणत्याही सहलीला लागू पडते. ‘वाचनालयासाठी जागा विकत घ्यावी की भाड्याचीच ठेवावी, यावर प्रत्येक सभासदाचे म्हणणे ऐकणे’ असे लिहिले म्हणजे पुढची आखणी सोपी होते.

खानदेशात तारीख दिनदर्शिकेइतकीच शेताकडे पाहून धरावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीची घाई असते आणि शेतकरी सभासद आलेच तरी त्यांचे अर्धे लक्ष मजुरांच्या फोनकडे राहते. मार्चमध्ये हिशेब बंद करायचे असतात, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते, आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असताना दुपारचे सत्र घेणे म्हणजे सभासदांना झोपवण्यासाठी बोलावणे होय. म्हणून डिसेंबरअखेर ते जानेवारी हाच काळ उत्तम. सातपुड्यातल्या थंड हवेच्या तोरणमाळला जायचे असेल तर मात्र दत्तजयंतीचे दिवस टाळावेत, कारण सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार भरला की दोंडाईचा-शहादा रस्त्यावर गाडी पुढे सरकत नाही.

ठिकाणांपैकी तोरणमाळ हजार मीटरहून उंच असल्याने थंडी कडक असते. घाट, गार रात्री आणि मोबाइलची बेभरवशाची रेंज लक्षात घेता वयस्क सभासद जास्त असलेल्या संस्थेने तिथे जाण्याआधी दोनदा विचार करावा. चाळीसगावजवळचे पाटणादेवी अशा संस्थांना अधिक सोयीचे आहे, कारण सभासद रेल्वेने चाळीसगावपर्यंत येऊ शकतात. पण ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे. तेथे ध्वनिक्षेपक आणि चुली यांचा बेत मनातही आणू नये आणि वन विभागाची परवानगी लेखी घ्यावी. मळ्यात किंवा खेड्यातल्या शाळेत शिबिर घेण्यात कमीपणा वाटणाऱ्यांना आठवण द्यावीशी वाटते, की डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसने आपले पहिले ग्रामीण अधिवेशन याच भागात, फैजपूरला भरवले होते.

तीस-चाळीस माणसे असतील तर एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक कराराची, म्हणजे पूर्ण बस भाड्याने घेण्याची, चौकशी करावी. खासगी गाडी ठरवलीच, तर चालकाचे जेवण, मुक्काम आणि टोल कोणाकडे, हे इसार देण्यापूर्वी कागदावर घ्यावे. वर्गणी ठरवताना एकूण खर्चावर दहा टक्के वाढवून भाग पाडावेत, पावती त्याच वेळी द्यावी, आणि नाव मागे घेतल्यास कोणत्या तारखेपर्यंत पैसे परत मिळतील हे सूचनेतच छापावे. शिबिरानंतरचे बहुतेक रुसवेफुगवे या एका न छापलेल्या ओळीतून निघतात.

सत्रे दिवसाला तीनपेक्षा जास्त नसावीत. आम्ही आखलेल्या पहिल्या शिबिरात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत व्याख्याने लावली होती. सभासदांनी टाळ्या वाजवल्या आणि मुख्य विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी पहिल्या दिवसाची संध्याकाळ मोकळी ठेवून एका सभासदाच्या मळ्यात भरीत पार्टी केली. भरताची हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काटक्यांवर भाजायची, हात पोळत सोलायची, मग हिरवी मिरची आणि लसूण घालून बडजी या लाकडी भांड्यात ठेचायची, हे काम एकट्यादुकट्याचे नाही. सात-आठ जण गोल करून बसतात आणि हात गुंतलेले असल्याने फोन खिशातच राहतो. सभेत दोन वर्षे गप्प बसलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी वांगे सोलता सोलताच विचारले, की जागेसाठी कर्ज काढले तर हप्ता कोणाच्या वर्गणीतून जाणार. दुसऱ्या दिवसाचे पहिले सत्र आम्ही त्याच प्रश्नावर घेतले. तेव्हापासून स्वयंपाक आचाऱ्याकडे दिला तरी एक वेळचे काम सभासदांकडे ठेवतो. वांगी माणशी पाव किलोहून थोडी जास्त धरावीत, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी सांगाव्यात, आणि तिखट न खाणाऱ्यांसाठी वरण-बट्टी असू द्यावी.

औषधांची पेटी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक आणि रात्री हाताशी असेल अशी एक चारचाकी यांची जबाबदारी एकाच नावावर लिहावी. ‘सर्वांनी पाहावे’ असे म्हटले की कोणीच पाहत नाही. महिला सभासदांच्या निवासाची आणि स्वच्छतागृहांची पाहणी महिला सभासदांनीच आधी जाऊन करावी.

शेवटच्या सत्रात ठरलेली कामे नाव आणि तारखेसह फळ्यावर लिहून सर्वांसमोर वाचावीत व त्याचा फोटो काढून ठेवावा. परतल्यावर आठ दिवसांच्या आत जमाखर्च सूचनाफलकावर लावावा, आणि वाढीव दहा टक्क्यांतून काही उरले असेल तर ते पुढच्या शिबिरासाठी ठेवायचे की परत करायचे, हे अध्यक्षांनी परस्पर न ठरवता पुढच्या मासिक सभेत विचारावे.